साखर आहे, मग सकाळचं दूध घ्यावं का?



आजच्या बोलण्याची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. मागे एकदा रेडिओवर साखरेच्या आजाराबद्दल बोलताना आम्ही सांगून गेलो की, साखर असेल तर भाकरी-पोळी बेतानं खा. वाक्य चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. सावद्याजवळच्याच एका गावातल्या काकूंनी ते ऐकलं. त्यांना साखरेची गोळी चालू आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी गोळी घेतली, बिनसाखरेचा कोरा चहा घेतला आणि भाकरी न खाता केळीच्या बागेत कामाला गेल्या. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. सोबतच्या बायांनी त्यांना सावलीत बसवलं. चहाच्या सामानात साखरेची पुडी होती, ती पाण्यात कालवून पाजली. थोड्या वेळानं त्या सावरल्या. संध्याकाळी त्यांचा आम्हाला फोन आला, "तुमीच तं सांगलं भाकर कमी खा म्हनून, मंग मी खाल्लीच नही."

त्यांचं काही चुकलं नाही. कमी खा असं सांगणाऱ्यानं, मग त्या जागी काय खायचं आणि गोळी घेणाऱ्या बाईनं काय सांभाळायचं, हेही सांगायला हवं होतं. ते आज सांगतो. त्या बोलण्यानंतर तुमचे जे प्रश्न आले, त्यांतले निम्मे तर दुधाबद्दलच होते. दूध गोड असतं, मग साखरवाल्यानं बंद करायचं का? दूध प्यायलं की दुपारपर्यंत भूक लागत नाही म्हणतात, ते खरं का? आणि एक ताई म्हणाल्या, आमचं दूध तर सगळं डेअरीला जातं, दुधाशिवाय काय खायचं ते सांगा. तिन्ही प्रश्न एकाच ताटातले आहेत.

आधी साखर चढते कशी ते पाहू. भाकरी, पोळी, पोहे, भात, साबुदाणा, केळी या सगळ्यांत पिष्ट किंवा साखर असते. पोटात गेल्यावर त्याची ग्लुकोज नावाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातून ती शरीराच्या पेशींत जायला इन्सुलिन लागतं. इन्सुलिन म्हणजे दाराची किल्ली समजा. साखरेच्या आजारात ही किल्ली कमी पडते किंवा कुलूप गंजलेलं असतं, आणि साखर रक्तातच तुंबून राहते. आता ही साखर रक्तात पाटाच्या पाण्यासारखी एकदम सुटते, की ठिबकच्या नळीसारखी थेंब थेंब उतरते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ठिबक आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. नुसता चहा-टोस्ट हे पाटाचं पाणी. डाळ, दूध, शेंगदाणे, भाजी सोबत असली की तीच भाकरी ठिबकसारखी उतरते.

सकाळची वेळ यात वेगळी आहे. पहाटे आपण उठायच्या आधीच शरीर काही संप्रेरकं सोडतं, त्यांच्यामुळे यकृतातून थोडी साखर रक्तात येते. दिवस सुरू करायला ताकद मिळावी म्हणून ही निसर्गाची सोय आहे. पण ज्यांना साखर आहे, आणि ज्या गरोदर बायांना बाळंतपणातली साखर आहे, त्यांची साखर त्यामुळे बऱ्याचदा सकाळीच जास्त चढते. म्हणजे जे ताट संध्याकाळी पचून जातं, तेच सकाळी जड जाऊ शकतं. आणि आपण नेमकं सकाळीच काय घेतो? गोड चहा आणि त्यात बुडवलेलं काहीतरी.

आता दुधाकडे येऊ. दुधात साखर असते हे खरं आहे. तिला लॅक्टोज म्हणतात, आणि गायीचं असो की म्हशीचं, एका पेल्यात म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये ती साधारण १० ग्रॅम असते. वजनानं पाहिलं तर दोन चमचे साखरेएवढी. उकळून ती जात नाही. पण ती साध्या साखरेसारखी वागत नाही, सावकाश चढते, कारण दुधात ती एकटी नसते. त्याच पेल्यात ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात आणि स्निग्धांश असतो. म्हशीच्या दुधात दोन्ही जरा जास्त.

ही प्रथिनं दोन जातींची आहेत. गायीच्या दुधातली प्रथिनं शंभर भाग धरली तर ८० भाग केसीन आणि २० भाग व्हे. केसीन पोटातल्या आंबटपणात गेलं की त्याचा दह्यासारखा गोळा होतो आणि तो हळूहळू पचतो. म्हणूनच दूध प्यायल्यावर पोटाला बराच वेळ आधार वाटतो. व्हेचं काम उलटं. ते झटकन पचतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की दूध प्यायल्यावर रक्तातली साखर फारशी चढत नाही, पण इन्सुलिन मात्र अपेक्षेपेक्षा बरंच जास्त सुटतं. पुढे २००५ मध्ये त्यांनी साखरेचा आजार असलेल्या माणसांच्या जेवणात व्हे घालून पाहिलं, तेव्हा दुपारच्या जेवणानंतरची त्यांची साखर कमी चढली. जिमला जाणारी पोरं डब्यातून महागडी पावडर आणतात ना, ती हीच. आपल्याला तो डबा आणायची गरज नाही.

कॅनडात ग्वेल्फ आणि टोरांटो इथल्या संशोधकांचा असाच एक प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. निरोगी माणसांना सकाळी डब्यातलं कोरडं धान्य खायला दिलं, कुणाला पाण्यासोबत, कुणाला दुधासोबत, कुणाला जास्त प्रथिनं घातलेल्या दुधासोबत. दुधासोबत खाणाऱ्यांची साखर पाण्यासोबत खाणाऱ्यांपेक्षा कमी चढली, आणि जास्त प्रथिनं घातलेल्या दुधानं आणखी कमी. दुपारच्या जेवणानंतरची खायची इच्छाही जास्त प्रथिनवाल्यांची कमी राहिली. पण दुपारी प्रत्यक्ष ताटात वाढून घेतलं, त्यात फार मोठा फरक पडला नाही. म्हणून 'दूध प्या आणि दुपारचं जेवण विसरा' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. पोटाला आधार मिळतो, इतकंच.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की साखर आहे म्हणून दूध बंद करायचं कारण नाही. एक पेला, साय काढून, साखर न घालता, आणि भाकरी-पोळीच्या वेळीच घ्या. दूधभाकर ही तर आपली जुनी न्याहारी. तीत चूक फक्त एकच होते, वरून गूळ किंवा साखर पडते. गुळाबद्दलही सांगून टाकतो. गूळ म्हणजे साखरच. रक्ताला त्याचा रंग कळत नाही.

काही जणींना दूध पचत नाही. पोट फुगतं, गुरगुरतं, पातळ होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या देशात मोठेपणी लॅक्टोज न पचणारी माणसं खूप आहेत. अशांना दही-ताक बहुधा चालतं, कारण विरजणातले जंतू त्या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. एक वाटी दह्यात साधारण ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ताकाचं मात्र ताकासारखंच. जितकं पाणी जास्त तितकी प्रथिनं कमी. उन्हाळ्यात ते पोटभर प्या, पण पातळ ताकावर न्याहारी झाली असं समजू नका.

आता आपल्या केळीचं काय? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सावदा-रावेर-यावलच्या बागांवर अख्खा संसार उभा आहे, आणि आम्ही म्हणावं केळी खाऊ नका? तसं म्हणत नाही. पण शिकरणाचा हिशोब एकदा मांडून बघू. दोन केळी म्हणजे ४५ ते ५० ग्रॅम पिष्ट आणि साखर. वर दोन चमचे साखर, तिचे ८ ते १०. दुधाची थोडी. सोबत दोन पोळ्या, त्यांचे आणखी ४० एक ग्रॅम. बेरीज शंभराच्या घरात जाते, तीही सकाळी सकाळी. दूध घातलंय म्हणून शिकरण साखरवाल्याला चालतं, असं बऱ्याच घरांत समजतात. पण एवढ्या पाण्याला तेवढा बांध पुरत नाही. केळं खायचंच तर एक, मध्यम, देठाशी अजून थोडं हिरवं असलेलं घ्या, आणि त्या वेळी एक पोळी कमी करा. हिरवट केळ्यात पिष्ट जास्त असतं आणि त्यातलं काही आतड्यात पचत नाही. पिकत जाताना त्याच पिष्टाची साखर होते. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं चवीला गोड लागतं ते उगाच नाही. पण फरक साखर चढण्याच्या वेगात आहे, हिरवट म्हणून चार खाल्ली तर काही उपयोग नाही. शिकरण सणावाराला, आणि साखर न घालता.

आता तिसरा प्रश्न. आमच्या मनात खरा हाच होता.

दूध डेअरीला जातं. पहाटे धार काढायची, किटली घेऊन जायचं, फॅट लागेल तसा भाव. घरात उरतं ते चहापुरतं, आणि त्यातही एखादा पेला राहिला तर तो पोराला. धार काढणारी बाई शेवटची. हे आम्ही दुरून बोलत नाही, आमच्याही घरी असंच होतं. दूध विकणं चूक नाही, त्यावर शाळेची फी भरली जाते. पण मग सकाळच्या ताटात दुधाचं काम करणारं दुसरं काहीतरी हवं, आणि ते आपल्याच कणगीत आहे.

कळण्याची भाकरी. शहरातली माणसं आता खान्देशी थाळी म्हणून पैसे मोजून खातात ती. कुणी चार भाग ज्वारीला एक भाग काळे उडीद घेतं, कुणी तिनाला एक, थोडं मीठ, आणि दळून आणायचं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच कळण्याच्या पिठात साडेबाराच्या आसपास. आकडा फार मोठा नाही, पण गोष्ट तेवढीच नाही. ज्वारीत लायसीन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. दोघं मिळून एकमेकांची उणीव भरतात. शिवाय उडीद सालासकट दळलेले, त्यामुळे चोथा येतो आणि साखर सावकाश उतरते. आपल्या आजीला हे सगळं ठाऊक होतं असं म्हणायचा मोह होतो, पण तिला बहुधा एवढंच ठाऊक होतं की कळण्याची भाकर खाल्लेला माणूस लवकर भुकावत नाही. तेवढं पुरे होतं.

डाळी-कडधान्यांचा हा गुण परदेशातही तपासून झालाय. टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ मध्ये, कोणत्या पदार्थानं साखर किती वेगानं चढते ते मोजायची पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी त्यांनी एक गंमत दाखवली. सकाळी मसूर खाल्लेल्या माणसांची साखर सकाळी तर कमी चढलीच, पण चार तासांनी सगळ्यांना सारखंच जेवण दिलं, तर त्या जेवणानंतरही मसूरवाल्यांची साखर ब्रेडवाल्यांपेक्षा कमी चढली. सकाळच्या उसळीचा दुपारच्या ताटावर असा परिणाम होतो. म्हणजे दुधाच्या नावानं जे कौतुक आपण ऐकतो, ते बरंचसं आपली मटकी, मूग, मसूर, हरभरा यांनाही लागू आहे. ४० ग्रॅम मूग म्हणजे मूठभर. रात्री भिजत घातले तर सकाळी त्यात ९ ते १० ग्रॅम प्रथिनं मिळतात, दुधाच्या पेल्यापेक्षा जास्तच. त्याचं धिरडं घाला, उसळ करा, नाहीतर नुसते वाफवून तिखट-मीठ लावा.

शेंगदाण्याची चटणी विसरू नका. ३० ग्रॅम दाण्यांत ७ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात. पण चिमूटभर तोंडी लावून तो उपयोग होत नाही, भाकरीवर नीट पसरेल एवढी हवी. तेल त्यात असतंच, म्हणून वरून कच्चं तेल ओतू नका. शेतात नेताना हिच्यासारखं टिकाऊ दुसरं काही नाही.

पुण्या-मुंबईकडे हल्ली बदामाचं दूध, ओटसचं दूध असं पेट्यांमधून मिळतं. एखाद्या ताईची मुलगी तिकडे असते, ती सांगते आई हे पी. बदामाच्या दुधात बदाम थोडे आणि पाणीच फार, प्रथिनं नावाला. ओटसच्या दुधात धान्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते. सोयाबीनचं दूध तेवढं प्रथिनांत गायीच्या दुधाच्या जवळ जातं, तेही साखर न घातलेलं असेल तर. पैसे त्यात घालवण्यापेक्षा मूग घ्या.

पोह्यांचं विचारलं होतं. पोहे वाईट नाहीत, पण एकटे आहेत. ६० ग्रॅम पोह्यांची बशी म्हणजे ४६ ग्रॅम पिष्ट आणि प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. पोहे निम्मे करा, उरलेल्या जागी मोड आलेली मटकी आणि दाणे घाला. साबुदाण्याचं तर त्याहून अवघड आहे, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी-चतुर्थीला साखरवाल्या बायका साबुदाण्यावर असतात आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला येतात, मग रिपोर्ट पाहून घाबरतात. उपास सोडा असं आम्ही सांगणार नाही, ते ज्याच्या त्याच्या मनाचं. पण साबुदाणा अर्धा, दाण्याचा कूट दुप्पट, सोबत वाटीभर दही, आणि गोळी चालू असेल तर उपासाच्या दिवशी ती कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारलेलं असावं.

चहाबद्दल आम्ही बोललो की हसू येतं. "माले सकायी चहा पेल्याशिवाय डोयेच उघडत नही," असं परवाच एकीनं ऐकवलं. नका सोडू. पण कपात दोन चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम, आणि घरचा, शेजारचा, शेतातला मिळून असे तीन कप झाले की २५ ते ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेलं आहे की मोठ्या माणसानं वरून घेतलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. तीही निरोगी माणसासाठी. म्हणजे आपल्या तीन कपांतच कोटा संपला. टोस्ट, खारी, बिस्किट म्हणजे मैदा, आणि कशात साखर तर कशात डालडा. चहात दूध असतं म्हणून तो दुधाची न्याहारी होत नाही, त्यात दूध असतं किती! दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करा. जिभेला सवय होते. आमच्यातल्या एकीला दोन महिने लागले, आता तिला दुसऱ्याच्या घरचा चहा पाकासारखा लागतो.

आता दुधाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, ती डाळींना जमत नाही. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व. ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं, डाळ-भाकरीतून नाही. ज्या घरात अंडं-मटण चालत नाही, तिथे दूध-दही हाच त्याचा आधार. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तपासलेल्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. ज्या आया गरोदरपणात दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मताना जरा मोठी होती, असंही त्यात दिसलं. साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी खाली जातं. हातापायांना मुंग्या येणं, थकवा वाटणं याला आपण सगळं 'साखरेमुळे' म्हणून सोडून देतो, पण त्यात या जीवनसत्त्वाचाही हात असू शकतो. तपासून घ्या. म्हणून सगळं दूध डेअरीला घालणाऱ्या घरांना आमची एक विनंती आहे. गरोदर सून आणि मेटफॉर्मिन घेणारी सासू या दोघींचा एकेक पेला किटलीत ओतण्याआधी बाजूला काढा. आधी काढा. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही.

आता त्या केळीच्या बागेतल्या काकूंकडे परत येऊ, कारण जिवाची गोष्ट तीच आहे.

साखरेच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाणं सहसा होत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिनचं इंजेक्शन पोटात अन्न असो नसो, आपलं काम करतात. ते घेऊन रिकाम्या पोटी उन्हात काम केलं की साखर ७० च्या खाली घसरते. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणं. उन्हाळ्यात आपल्याकडे हे 'ऊन लागलं' म्हणून खपून जातं, म्हणून जास्त सांगतो. त्यामुळे आपल्या गोळीच्या पाकिटावरचं नाव आशाताईंकडून किंवा औषधाच्या दुकानदाराकडून वाचून घ्या. ती साखर घसरवणारी असेल तर न्याहारी चुकवायची नाही, आणि भाकरी निम्म्यावर आणायची असेल तर डॉक्टरांशी बोलून, कारण गोळीचा डोसही बदलावा लागू शकतो.

घसरलीच तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्या. पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. अशा वेळी आधी दूध पाजू नका. ज्या गुणामुळे दूध न्याहारीला चांगलं, त्याच गुणामुळे ते इथे उपयोगाचं नाही. ते सावकाश चढतं, आणि आपल्याला त्या क्षणी पाटाचंच पाणी हवं असतं. माणूस सावरला की मग भाकरी, दूध काय असेल ते खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा. शेतात जाताना पदराच्या गाठीला साखरेची पुडी असू द्या. काकू आता बांधतात.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डाळ-दूध वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांचं पथ्य वेगळं असतं.

आणि हे सगळं आम्ही सांगतो म्हणून मानू नका, स्वतःवर तपासून बघा. गटात कुणाकडे साखर मोजायचं यंत्र असेल तर दोन दिवस काढा. एक दिवस नेहमीची न्याहारी, दुसऱ्या दिवशी तेवढीच भाकरी पण सोबत उसळ किंवा बिनसाखरेचं दूध. दोन्ही दिवशी उपाशीपोटी एकदा मोजायचं, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. चारही आकडे वहीत लिहा. साखरेचा आजार नसलेल्या बाईची दोन तासांनी साधारण १४० च्या आत असते. आजार असलेल्यांना डॉक्टर बहुधा १८० च्या आत ठेवायला सांगतात. सुई प्रत्येकीची वेगळी आणि एकदाच वापरायची, यात काटकसर नाही, आणि यंत्रही प्रत्येकीनंतर पुसून घ्यायचं. बोट साबणानं धुऊन कोरडं करा. हे आम्ही आपल्या भागात मुद्दाम सांगतो, कारण केळं सोलून तसंच बोट टोचलं तर बोटाला लागलेली केळ्याची साखरच यंत्र मोजतं आणि आकडा उगाच मोठा येतो. असा खोटा आकडा पाहून घाबरू नका आणि घरच्या घरी गोळीही वाढवू नका.

यंत्र नसेल तर तीस वर्षांवरच्या कुणालाही साखर आणि रक्तदाबाची तपासणी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत करून मिळते. गरोदर बायांची साखर तर पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ व्या आठवड्यात तपासायची असते, आशाताईंना आठवण करून द्या. देशात साखरेचे रुग्ण १० कोटींहून जास्त आहेत, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा २०२३ मध्ये छापलेला अभ्यास सांगतो, आणि त्याहून जास्त, १३ कोटींवर माणसं, उंबरठ्यावर उभी आहेत. त्या उंबरठ्यावरच्यांना गोळी नसते, त्यामुळे साखर घसरायची भीतीही नसते. न्याहारी बदलून बघायला त्यांच्याइतकी मोकळीक कुणालाच नाही.

एक प्रश्न राहिला होता. रात्री झोपताना दूध घ्यावं की सकाळी? साखरवाल्यानं एकच पेला घ्यायचा असेल तर सकाळी, भाकरीसोबत. रात्रीच्या दुधानं वाईट होतं असं नाही, पण जेवण झाल्यावर ते वरचं होतं, आणि सकाळच्या भाकरीला सोबत करायला मग चहाच उरतो. हळद घातली तरी चालेल. साखर तेवढी नको.

पुढच्या वेळी आम्ही कळण्याच्या पिठाचं प्रमाण आणि मुगाच्या धिरड्याची कृती घेऊन येतो. तुमच्याकडे उडीद किती घालतात ते कळवा, कारण यावर आमच्यातच दोन तट पडलेत.